तड्यांचा पूर्वेतिहास: स्किड स्टीअर लोडर आणि दुरुस्तीची विद्या

वापरलेल्या स्किड स्टीअर लोडरच्या सांगाड्याला गेलेला तडा वेल्डिंगने बुजवण्याचे काम कोणत्याही बऱ्या वर्कशॉपमध्ये होते, आणि म्हणूनच ते किरकोळ मानले जाते. प्रत्यक्षात तड्याच्या टोकाला भोक पाडण्यापासून वेल्डिंगचे रॉड सुकवून घेण्यापर्यंत, या कामातील जवळजवळ प्रत्येक कृतीमागे रेल्वेच्या आसांपासून महायुद्धातील जहाजांपर्यंतचा, शंभराहून अधिक वर्षांचा आणि बहुतांशी अपघातांतून आलेला अनुभव आहे. त्या अनुभवाचे सार असे, की तडा जातो तेथील धातू निकृष्ट असतोच असे नाही, पण तेथे भार एकवटलेला असतो. आणि जी दुरुस्ती नुसती फट भरते व भार एकवटण्याचे कारण तसेच ठेवते, ती फार काळ टिकत नाही.

हे यंत्र स्वतःही एका दुरुस्तीच्या दुकानातच जन्मले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉथसे या गावाजवळ लुई आणि सिरिल केलर या भावांचे वेल्डिंगचे आणि शेती-अवजारे दुरुस्त करण्याचे दुकान होते. टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला दुमजली शेडच्या वरच्या मजल्यावरील खत काढण्यासाठी खांबांमधून वळेल आणि मजल्याला पेलेल इतके लहान व हलके यंत्र हवे होते. ते या भावांनी तयार करून फेब्रुवारी १९५७ मध्ये त्याच्या हवाली केले. त्याला तीन चाके होती: पुढची दोन इंजिनावर चालणारी आणि मागचे एक, कोणत्याही दिशेला आपोआप फिरणारे. १९५८ मध्ये नॉर्थ डकोटातील ग्विनर येथील मेलरो कंपनीने या यंत्राचे हक्क घेतले आणि १९६० च्या एम-४०० या नमुन्यात मागच्या मोकळ्या चाकाच्या जागी दोन चाकांचा पक्का आस बसवला. ‘बॉबकॅट’ हे नाव त्यानंतर, १९६२ मध्ये आले.

तड्यांच्या दृष्टीने खरे वळण १९६० चेच आहे. चार चाकांच्या या यंत्रात एकही चाक दिशा बदलत नाही. डाव्या बाजूची दोन्ही चाके एका वेगाने आणि उजव्या बाजूची दोन्ही दुसऱ्या वेगाने फिरवली, की यंत्र जमिनीवर घसटत जवळजवळ जागच्या जागी वळते. या घसटण्यामुळे प्रत्येक वळणावर चाकांना आडवा रेटा बसतो आणि तो आसाच्या नळीतून, ती जेथे साखळीच्या पेटीला जोडलेली असते (याच पेटीतील साखळी चाके फिरवते) त्या सांध्यातून, सांगाड्यात उतरतो. म्हणजे ज्या गुणासाठी हे यंत्र विकत घेतले जाते, त्याच गुणाची किंमत सांगाडा मोजत असतो. याखेरीज बकेटचा एकच कोपरा दगडात अडकला, तर बकेट उचलणाऱ्या दोन्ही बाहूंवर असमान ओझे येऊन त्यांना जोडणारी आडवी नळी पिळली जाते. म्हणूनच जुन्या यंत्रात तडे शोधायचे ते त्या नळीच्या दोन्ही टोकांशी, बाहूंच्या पिना ज्या मागच्या उभ्या खांबांत बसतात त्यांच्या बुडाशी, हायड्रॉलिक सिलिंडरच्या कानांशी आणि बकेट अडकवण्याच्या पाटीच्या कोपऱ्यांत.

कोपरा हा शब्द येथे योगायोगाने आलेला नाही. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या पुढच्या इंजिनाचा आस मोडला आणि त्या अपघातात व नंतरच्या आगीत पन्नासहून अधिक माणसे मेली. सततच्या हादऱ्यांनी लोखंड ‘स्फटिकमय’ होऊन ठिसूळ बनते, असा त्या काळी समज होता. विल्यम रँकिन या तरुण स्कॉटिश अभियंत्याने १८४३ मध्ये मोडलेल्या आसांवरून दाखवले, की आसाची जाडी जेथे एकदम बदलते त्या काटकोनी खाचेपासून तडा सुरू होतो आणि हळूहळू आत सरकतो. खाच गोलसर ठेवावी, हा त्यावरचा उपाय. पुढे प्रशियाच्या रेल्वेत ऑगस्ट व्योलर याने वर्षानुवर्षे प्रयोग करून १८७० पर्यंत हे सिद्ध केले, की एका खेपेत सहज पेलला जाणारा भारही लाखो वेळा उलटसुलट पडला तर पोलाद मोडते. यालाच धातूची थकवा-भंग प्रक्रिया म्हणतात, आणि लोडरमधील बहुतेक तडे याच जातीचे असतात. चालक ‘काल तर ठीक होते’ असे सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो; तडा मात्र बऱ्याच आधीपासून वाढत असतो.

डोळ्यांना न दिसणारा तडा शोधण्याची रीतही रेल्वेच्याच कारखान्यांतली. सुटा भाग तेलात बुडवून पुसून कोरडा करायचा आणि त्यावर खडूच्या भुकटीचा पांढरा लेप द्यायचा. चिरेत मुरलेले तेल बाहेर झिरपून लेपावर काळसर रेघ उमटते. आज लाल रंग आणि पांढरा फवारा अशा दोन डब्यांनी होणारी तपासणी तत्त्वतः तीच आहे.

तड्याच्या टोकाला भोक पाडण्याच्या प्रथेला गणिती आधार चार्ल्स इंग्लिस यांच्या १९१३ च्या निबंधाने मिळाला. ताणलेल्या पत्र्यातील लंबगोल छिद्र जितके निमुळते, तितका त्याच्या टोकाशी ताण अधिक, असे त्यांनी दाखवले. गोल भोकाच्या कडेला ताण सुमारे तिपटीवर थांबतो, तर सुईच्या अग्रासारख्या टोकाला तो कितीतरी पट चढतो. भोक पाडून तडा बरा होत नाही, फक्त त्याची धार बोथट होते. ते भोक दिसणाऱ्या टोकाच्या किंचित पुढे पडले नाही, तर खरे टोक त्याच्या पलीकडे तसेच राहते. विशेष म्हणजे, तड्याच्या टोकाजवळील ताणाचे मोजमाप मांडणारा जॉर्ज अर्विन यांचा पायाभूत निबंध प्रसिद्ध झाला तोही १९५७ मध्येच, केलर बंधूंनी आपले यंत्र दिले त्याच वर्षी. दोन्ही गोष्टी एकमेकींपासून संपूर्ण अलिप्त होत्या.

विद्युत वेल्डिंगची वाढ दुरुस्तीच्या गरजेतूनच झाली. स्वीडनच्या ऑस्कर केल्बर्ग यांना जहाजांचे बॉयलर दुरुस्त करायचे होते, आणि त्यासाठी त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रासायनिक लेप दिलेला रॉड तयार केला. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरण्याच्या सुमारास तेथील बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांच्या इंजिनांचे सिलिंडर खलाशांनीच फोडून ठेवले होते; अमेरिकी नौदलाने त्यांपैकी अनेक वेल्डिंगने सांधले आणि तीच जहाजे सैन्य वाहू लागली. या यशाची दुसरी बाजू दुसऱ्या महायुद्धात दिसली. १६ जानेवारी १९४३ रोजी स्कनेक्टडी हे वेल्डिंगने बांधलेले नवे टँकर जहाज पोर्टलंडच्या धक्क्यालगत, शांत पाण्यात, दुभंगले. त्याच काळातील लिबर्टी जातीच्या मालवाहू जहाजांनाही तडे जात होते, आणि त्यांचा उगम अनेकदा माल भरण्याच्या कप्प्याच्या चौकोनी तोंडाच्या कोपऱ्यांत सापडत असे. रिव्हेटच्या जहाजात तडा पत्र्याच्या कडेशी थांबण्याची शक्यता असे; वेल्डिंगने पत्रे एकसंध झाले आणि तड्याला वाट मोकळी मिळाली. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवले, की ठरावीक तापमानाखाली तेच पोलाद ठिसूळ होते.

लोडरवर काम करणारा कसबी वेल्डर हा सगळा वारसा, नावे ठाऊक नसतानाही, पाळत असतो. रंग व ग्रीस काढून तो तड्याची दोन्ही टोके शोधतो आणि ग्राइंडरने तडा तळापर्यंत कोरून व्ही-आकाराची खाच करतो, कारण वरवर भरलेल्या सांध्याच्या पोटात मूळ तडा जिवंत राहतो. जाड पोलाद तो आधी तापवून घेतो आणि कमी हायड्रोजनचे रॉड सुके ठेवतो. लेपातील ओलाव्यातून सुटणारा हायड्रोजन तापलेल्या धातूत शिरला, तर थंड झाल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही सांध्यालगत नवा तडा उघडू शकतो. बॅटरीची जोडणी आधी सोडली जाते आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावला जातो, म्हणजे विजेचा प्रवाह बेअरिंगांतून जात नाही.

सर्वांत अधिक चुका ठिगळाच्या पट्टीत होतात. बाहूवर चौकोनी पट्टी ठेवून तिच्या चारही कडा भरल्या, की आडवी टोके म्हणजे रँकिनने दाखवलेली जाडी एकदम बदलण्याचीच जागा होते, आणि पुढचा तडा बहुधा त्या रेघेवर जातो. म्हणून पट्टीची टोके निमुळती किंवा माशाच्या शेपटीसारखी कापतात आणि भार ज्या दिशेने ताणतो तिला आडवा टाका शक्यतो टाळतात. जुने यंत्र घेताना अशी चौकोनी ठिगळे तड्यापेक्षाही अधिक संशयाने पाहावीत, कारण त्यांच्याखाली काय आहे हे ती काढल्याशिवाय कळत नाही.

एका भागापाशी मात्र ही सारी विद्या थांबवली जाते. यंत्र उलटल्यास चालकाला वाचवणारा लोखंडी पिंजरा वाकला किंवा त्याला तडा गेला, तर तो वेल्डिंगने दुरुस्त करू नये, बदलावा, असे उत्पादकांच्या पुस्तिका सांगतात. उलटताना ठरावीक प्रमाणात वाकून धक्का शोषून घेण्यासाठी तो पिंजरा आखलेला व पारखलेला असतो, आणि नव्या सांध्यानंतर तो कोठे व किती वाकेल हे पुन्हा पारखण्याची सोय वर्कशॉपमध्ये नसते.