फ्लेमिंगचे कोठार



आपल्याकडे पूर्वी धान्य साठविण्यासाठी जमिनीत पेव खणीत. कॅनडाच्या प्रेअरी मुलखात नेमके उलट घडले. तेथे धान्य उंच चढविण्यात आले. सास्कॅचेवानमधील फ्लेमिंग या चिमुकल्या गावी, कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या रुळांलगत, लेक ऑफ द वुड्स मिलिंग कंपनीने १८९५ साली असे एक लाकडी कोठार उभारले. तिकडे त्यास एलिव्हेटर म्हणतात.

शेतकरी गाडी आत आणी, काट्यावर वजन होई आणि गहू खालच्या खड्ड्यात ओतला जाई. तेथून पट्ट्यास जडविलेले डबे, आपल्या रहाटगाडग्याप्रमाणेच, तो माथ्यापर्यंत नेत व नळीवाटे हव्या त्या कप्प्यात सोडीत. पुढे आगगाडीच्या डब्यात तो आपल्याच भाराने उतरे. घोडागाडीने एका दिवसात जाऊन परतता यावे, म्हणून अशी कोठारे आठ-दहा मैलांवर असत. १९३३ साली त्यांची संख्या ५,७५८ होती. सपाट मैदानात दुरून प्रथम दिसे ते कोठार. चर्चचा मनोरा मागाहून. लोक त्यांना प्रेअरीची कॅथीड्रल म्हणत, आणि मजसारख्या ख्रिस्ती माणसालाही त्यात काही वावगे वाटत नाही.

मात्र ही भक्ती सदाच नव्हती. मापात व प्रतीत कोठारवाले आपणास नाडतात, अशी शेतकऱ्यांची तक्रार असे. थेट डब्यात माल भरण्याचा हक्क त्यांना १९०० च्या कायद्याने मिळाला खरा, पण डबेच मिळेनात. तेव्हा १९०१ च्या अखेरीस इंडियन हेड येथे त्यांनी संघटना केली, व पुढल्याच वर्षी सिंटालुटाच्या रेल्वे एजंटावर खटला भरून तो जिंकला. या चळवळीतून १९२४ साली सास्कॅचेवानचा सहकारी गहू-संघ उदयास आला आणि शेतकरीच कोठारांचे धनी झाले.

मोटारींनी अंतर आटले. रेल्वेच्या सवलतीच्या दराचे पर्व १९९५ साली संपले, शाखामार्ग उखडले गेले आणि काँक्रीटच्या प्रचंड कोठारांपुढे ही लाकडी कोठारे पाडली जाऊ लागली. फ्लेमिंगचे मात्र टिकले. मूळ जागी उभे असलेले कॅनडातील सर्वांत जुने लाकडी कोठार म्हणून त्यास वारसा वास्तूचा मान मिळाला, आणि एवढ्याशा गावाने त्याचा जीर्णोद्धार हाती घेतला.

९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यास आग लागली. शंभरांहून अधिक वर्षे वाळलेले ते लाकूड. काहीच उरले नाही.