एका मुंगीच्या नावाचा इतिहास

इतिहास म्हटला की राजे नि लढाया आठवतात. आज आम्ही श्रोत्यांपुढे एका मुंगीचा इतिहास ठेवीत आहोत. ती डसली की अंगाची आग होते, म्हणून इंग्रजीत तिला ‘फायर अँट’ म्हणतात.

१९१८ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतून एक काळसर मुंगी अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या मोबिल बंदरात उतरली. १९३० नंतर तिच्यामागून तांबूस मुंगी आली. १९४२ साली एडवर्ड विल्सन या तेरा वर्षांच्या मुलाला घराजवळच्या मोकळ्या जागेत या मुंगीचे वारूळ आढळले. पुढे हाच मुलगा मुंग्यांचा जगन्मान्य पंडित झाला. पण दोन्ही मुंग्या एकाच जातीच्या, फरक काय तो रंगाचा, असेच त्यानेही प्रथम मानले! त्यात हसण्यासारखे काही नाही. तिळाएवढ्या देहावरच्या खुणा वाचणे सोपे नव्हे.

ओळख पटण्यापूर्वीच १९५७ साली सरकारने युद्ध पुकारले. लाखो एकरांवर हेप्टाक्लोर नि डील्ड्रिन ही विषे पडली. पाखरे मेली, रानातले प्राणी मेले. राशेल कार्सन यांनी १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात या मोहिमेवर कोरडे ओढले. विषाला आपपरभाव कुठला? त्या भूमीतल्या मूळच्या मुंग्याही मेल्या, आणि मोकळ्या झालेल्या रानात परकी मुंगी पुन्हा फोफावली.

१९७२ साली विल्यम बुरेन यांनी तांबूस मुंगी ही निराळी जात ठरवून तिला ‘इन्व्हिक्टा’, म्हणजे अजिंक्य, हे नाव दिले.

मग या ओळखाव्या कशा? एकटीदुकटी मुंगी पाहून नव्हे; एकाच वारुळातल्या लहानमोठ्या पुष्कळ कामकरी मुंग्या भिंगाखाली घ्याव्या. आपल्या देशातही आढळणाऱ्या ‘जेमिनाटा’च्या थोरल्या कामकऱ्यांचे डोके अंगाच्या मानाने फार मोठे असते, नि त्याला मागे मधोमध खाच असते. इन्व्हिक्टाचे डोके बेताचे. जबड्यांवरच्या कडेला मध्यभागी बारीक दात दिसतो. काळसर ‘रिक्टेरी’च्या पोटावर पिवळसर डाग असतो.

आता चूक होणार नाही, असे वाटते. पण १९८० नंतर संशोधकांना काळी नि तांबूस यांचा संकर आढळला. तो ओळखायला डोळे पुरत नाहीत. विषातली नि अंगावरची रसायने तपासावी लागतात.

शत्रू ओळखण्याआधी शस्त्र उपसले, की घाव निरपराधांवरही पडतो. मोठ्या लढायांचा इतिहास तरी आम्हांला याहून वेगळे काय सांगतो?