मधला दुभाष्या

आमच्या शहापुरात अभियांत्रिकी महाविद्यालय असल्यामुळे आजूबाजूला खोल्या घेऊन राहणारी मुले बरीच आहेत. त्यातलाच एक परवा म्हणाला, "गुरुजी, बोर्ड जोडला तरी कॉम्प्युटर ओळखतच नाही. ड्रायव्हर टाकावा लागेल." त्याने तो टाकला आणि बोर्ड चालू झाला. माझा पिंड इतिहासाचा. हा ड्रायव्हर मुळात लागतोच कशाला, म्हणून शोधत गेलो तर थेट तारायंत्रापाशी पोचलो!

'तार आली' म्हटले की घरात धस्स व्हायचे, ते दिवस आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. (आपल्याकडची तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली.) तार एकच, तेव्हा खुणा एकामागून एकच जाणार. फ्रान्समधल्या एमिल बोदो यांनी १८७० च्या दशकात प्रत्येक अक्षरासाठी पाच खुणांचा संच ठरवला. वेगाचे 'बॉड' हे एकक त्यांच्याच नावावरून आले. पुढे टेलिप्रिंटरमध्ये अक्षराआधी 'सुरू' आणि नंतर 'थांब' अशा खुणा आल्या. १९६० मध्ये अमेरिकेत या जोडणीचे आरएस-२३२ हे प्रमाण ठरले, आणि तेच पुढे कॉम्प्युटरच्या पाठीमागे सिरियल पोर्ट होऊन बसले.

गंमत बघा, ती रीत अजून तीच आहे. 'शहापूर' हा शब्द युनिकोडमध्ये १८ बाइट्सचा. प्रत्येक बाइटचे आठ बिट, शिवाय 'सुरू' आणि 'थांब', म्हणजे एकूण १८० बिट. ९६०० च्या वेगाने आपले गाव सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आत पलीकडे पोचते!

१९९६ मध्ये यूएसबी आले. सात कंपन्यांचे हे काम; त्यातले इंटेलचे अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या सयाजीरावांचे नाव असे इथेही भेटते. हळूहळू लॅपटॉपवरून सिरियल पोर्ट गेले, पण प्रयोगशाळेतली उपकरणे आणि कारखान्यातली यंत्रे जुनीच भाषा बोलत राहिली. मग मध्ये एक चिप आली. जोडताक्षणी ती कॉम्प्युटरला दोन क्रमांक सांगते, एक कंपनीचा आणि एक वस्तूचा. त्यावरून कॉम्प्युटर योग्य ड्रायव्हर शोधतो. ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या.

आता खरी गोष्ट. स्कॉटलंडच्या एफटीडीआय कंपनीच्या चिपची नक्कल इतर लोक सर्रास करत आणि क्रमांकही तिचाच वापरत. २०१४ च्या ऑक्टोबरात विंडोजच्या अपडेटमधून या कंपनीचा नवा ड्रायव्हर आला. नकली चिप दिसली की तो तिचा वस्तू-क्रमांक शून्य करून टाकी. चालती वस्तू एका रात्रीत अनोळखी! ओरड झाल्यावर तो मागे घेतला. २०१६ मध्ये पुन्हा नवा आला. तो नकली चिप दिसली की खऱ्या मजकुराच्या जागी 'हे उपकरण अस्सल नाही' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द पाठवी.

कंपनीचे नुकसान खरे होते, हे मान्यच. पण केबलच्या पोटात कोणाची चिप आहे, हे दुकानातून ती घेणाऱ्याला कसे कळावे? चोरी एकाची आणि शिक्षा भलत्यालाच.

१६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा त्याचा दुभाष्या होता नारायण शेणवी. दुभाष्या नेमलेला कोणाकडूनही असो, दोन्ही बाजू त्याच्या शब्दावर विसंबतात. त्यानेच आपले शब्द दुसऱ्याच्या तोंडी घातले तर बोलणी कशी व्हायची? आपल्या कॉम्प्युटरमध्ये असे कितीतरी दुभाषे आपण न बघताच ठेवून घेतो. त्यांना कामाला लावताना ते नेमके कोणाचे नोकर, एवढे तरी विचारायला हवे. असो. तुम्हाला काय वाटते, जरूर कळवा.