कच्च्या सुरांचा इतिहास

उर्से हे गाव बहुतेकांना टोलनाक्यापुरतेच ठाऊक असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गाडी क्षणभर मंदावते आणि गाव मागे पडते. आमच्याकडे मराठी घेऊन शिकलेला एक विद्यार्थी या गावचा. वर्षापूर्वी त्याने गिटार घेतली आणि रोजच्या सरावातला एखादा तुकडा मुद्रित करून तो आंतरजालावर सर्वांसाठी ठेवू लागला. मागे महामार्गाची घरघर, मध्येच घरातल्या भांड्यांचा आवाज. पहिल्या पडद्यावर तर्जनी आडवी टाकून सहाही तारा दाबायच्या आणि 'एफ' कॉर्ड धरायची वेळ आली की दोन तारा मुक्या, एक झणझणणारी. त्याने आमचे मत विचारले. आम्ही काही संगीताचे जाणकार नव्हे. पण दोष दाखवण्याची सवय वीस वर्षांची. लय धावते आहे, बोटे बसलेली नाहीत, आणि हे इतक्यात लोकांपुढे ठेवण्याची घाई कशाला, असे आम्ही कळवून टाकले. त्यानंतर सहा आठवडे नवे मुद्रण आले नाही.

'इतक्यात लोकांपुढे' हे शब्द आमच्या लेखणीतून इतक्या सहज का उतरले, याचा शोध घेताना ध्यानात आले की ते आमचे नव्हतेच. रियाज हा बंद दाराआडचा, ही समजूत आपल्याला वारशाने मिळाली आहे. गुरुगृही राहायचे, पडेल ते काम करायचे, आणि गुरूची परवानगी मिळेपर्यंत चारचौघांत तोंड उघडायचे नाही. यात शिस्त होती, तशी विद्या जपून ठेवण्याची वृत्तीही होती. चीज बाहेर गेली की तिचे मोल उतरते, अशी ती धारणा.

मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी याच पद्धतीने शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते दरबारी आश्रयावर नव्हे, लोकांच्या पैशावर. वर्ग, वेळापत्रक, छापील स्वरलिपी, परीक्षा. 1908 मध्ये मुंबईत शाखा निघाली. अशाने गवई घडत नाहीत, हा आक्षेप तेव्हापासूनचा. तो अगदीच खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. वर्गात तीस जणांना एकच सरगम घोकायला लावून घडते ते बहुधा बेताचेच. पण त्याच शाळेतून ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास बाहेर पडले, हेही विसरता येत नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळेच: आपल्याकडे 'नवशिका' ही एक उघड, मान्य अवस्था या शाळेने केली. ज्याला गवई व्हायचे नाही, त्यालाही कच्चे गाण्याचा हक्क मिळाला.

गंमत अशी की त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने दार बंद होत होते. 1902 मध्ये फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यास ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन आला आणि गाणे तबकडीत शिरले. तबकडीवर जागा तीनेक मिनिटांची. तिथे पिकलेले तेवढेच जायचे. गदगच्या दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून भीमसेन जोशी 1933 मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी घर सोडून निघाले, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. त्या मुलाने काय ऐकले होते? एक संपूर्ण, निर्दोष वस्तू. ती घडण्यामागची वर्षे तबकडीत नव्हती. कुमार गंधर्वांची गोष्ट याहून बोलकी आहे. थोरामोठ्यांच्या तबकड्या लहानपणी हुबेहूब गाऊन दाखवणारा हा मुलगा प्रा. बा. र. देवधरांकडे शिकायला आला, म्हणजे एका अर्थी लोकांच्या टाळ्या मिळवून झाल्यावर नवशिका झाला. पुढे देवास येथे क्षयाच्या आजारात पाच-सहा वर्षे गाणे बंद राहिले आणि 1950 च्या दशकाच्या आरंभी त्यांनी पुन्हा सुरुवात केली. त्या सुरुवातीचे पहिले अडखळते सूर आम्हाला ऐकायला मिळाले असते, तर मैफलींची काही मुद्रणे आम्ही आनंदाने दिली असती. कवीच्या वहीतली खाडाखोड आम्ही वर्गात भक्तिभावाने दाखवतो. गाण्याबजावण्यातली खाडाखोड मात्र लपवावी असे सांगतो!

गिटारीपुरते बोलायचे तर गोव्याकडे पाहावे लागते. तेथील चर्चना जोडलेल्या शाळांतून मुलांना लहानपणीच स्वरलेखन वाचायला आणि समूहात गायला शिकवत. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांतले अनेक गोमंतकीय वादक या मुशीतले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे वडील चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख होते. पुढे प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये गुरूचे नाव गाण्यातून घरोघरी पोहोचवून मोकळे झाले. या शाळांत मूल चुकत असे ते रविवारच्या प्रार्थनेत, सबंध गावासमोर.

आणि गोव्यापर्यंत तरी कशाला जायचे? मावळात कार्तिकातली काकड आरती किंवा हरिनाम सप्ताह पाहावा. नवा पोरगा टाळ घेऊन मागच्या रांगेत बसतो. तू तयार आहेस का, असे त्याला कोणी विचारीत नाही. तो चुकतो, त्याची चूक वीस टाळांत बुडून जाते, आणि शेजारचा म्हातारा त्याच्याकडे न पाहता आपला टाळ किंचित जोरात वाजवतो, एवढेच. वाहवा नाही, दोषांची यादीही नाही. आपल्या खोलीत एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला ही रांग नसते. आमचा विद्यार्थी आपली मुद्रणे उघड्यावर ठेवीत होता, तेव्हा तो श्रोते मिळवायला निघाला आहे अशी आमची समजूत झाली. तो बहुधा रांगेत जागा शोधीत होता.

आम्ही त्याला पुन्हा लिहिले. दोषांविषयी नव्हे, पहिल्या महिन्याची मुद्रणे ऐकायची आहेत, म्हणून. उत्तर आले की ती पुसून टाकली, सर. तुमचे पत्र आले त्याच रात्री.

आता तो प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी तारीख सांगतो, ही आमची विनंती त्याने मानली. आणि दर रविवारी आम्हा मंडळींपैकी एकजण ते पुरते ऐकून त्याला दोन ओळी लिहितो: मागच्या आठवड्याहून काय निराळे ऐकू आले, एवढेच. गेल्या रविवारच्या तुकड्यात मालमोटारीचा कर्णा आहे, 'एफ'ची पाचवी तार अजून मुकी आहे, आणि कॉर्ड बदलताना तो पूर्वी थांबत असे तिथे या वेळी थांबला नाही.