व्रण, प्रेम आणि इतिहास

बाह्य विद्रूपतेपलीकडे पाहणारे प्रेम हा अद्भुतरम्य कथेचा जुना संकेत आहे. व्हिक्टर ह्यूगोने निर्वासनकाळात लिहिलेल्या व १८६९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हसणारा माणूस’ या कादंबरीत तो स्वीकारला. परंतु त्याला इतिहासाचे अधिष्ठान दिले. ग्विनप्लेनच्या मुखावरील कायमचे हास्य जन्मजात नाही. प्रजासत्ताकनिष्ठ उमरावाच्या या मुलाचा चेहरा इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याच्या आज्ञेने विद्रूप करण्यात आला आहे. अंध डीआला तो सुंदर वाटतो. बर्फातून आपल्याला वाचवणारा मुलगा एवढीच त्याची तिला ओळख. डचेस जोझिआनाला त्याची विद्रूपताच मोहवते. एकीच्या प्रेमाला व्रण दिसत नाही, दुसरीच्या वासनेला व्रणाखेरीज काही दिसत नाही. त्यामागील अन्यायापर्यंत दोघीही पोचत नाहीत.

१७०५ साली उमरावसभेत ग्विनप्लेन हाच चेहरा पीडित जनतेची साक्ष म्हणून पुढे करतो, तेव्हा सभा हसते. तो डीआकडे परततो. पण तिचा मृत्यू आणि त्यापाठोपाठ त्याची जलसमाधी यांतच कथेचा शेवट होतो. प्रेम व्रणाचा विसर पाडू शकते. तो कोणी केला, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. ह्यूगोने तो इतिहासापुढे उघडा ठेवला आहे.