‘खर्डा’ कसा वाचावा? : चित्रलिपी, मोडी आणि लिपीने गृहीत धरलेला वाचक

जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव मराठ्यांच्या इतिहासात ११ मार्च १७९५ च्या लढाईमुळे ठाऊक आहे. निजामअलीविरुद्ध पेशवे, शिंदे, होळकर, भोसले अशा सगळ्यांच्या फौजा एकत्र उभ्या राहिल्याचा हा शेवटचा मोठा प्रसंग. परंतु ‘खर्डा’ या शब्दाला मराठीत आणखी एक अर्थ आहे, आणि तो थेट लेखनव्यवहारातला आहे. पत्राचा किंवा दस्तऐवजाचा कच्चा मसुदा म्हणजे खर्डा. ‘खर्ड्यावरून लिहिले’ असे एखादे वाक्य जुन्या कागदात आले, तर ते छावणीच्या मुक्कामावरून लिहिले की मसुद्यावरून उतरवले, याचा निर्णय अक्षरांच्या आधारे करता येत नाही. ध्वनी तोच, अक्षरे तीच. निर्णय करतो तो वाचक.

प्राचीन इजिप्तच्या लेखनिकापुढे ही अडचण आली असती, तर तिच्यावरचा उपाय त्याच्या लिपीतच होता. गावाच्या नावानंतर त्याने वर्तुळात छेदणाऱ्या रस्त्यांचे चिन्ह काढले असते, मसुद्यासाठी पपायरसच्या गुंडाळीचे. या चिन्हांना उच्चार नसे. शब्द कोणत्या अर्थवर्गातला आहे एवढेच सांगून ती गप्प राहत. इजिप्तविद्येत त्यांना ‘निर्धारक’ म्हणता येईल असा शब्द रूढ आहे. या लिपीत स्वर लिहिले जात नसत, केवळ व्यंजनांचा सांगाडा दिला जाई. त्यामुळे एकाच सांगाड्यात अनेक शब्द सामावत आणि निर्धारकांची गरज निर्माण होई. अभिजात काळात सुमारे सातशे चिन्हे प्रचारात होती. त्यांतली चोवीस एकेका व्यंजनाची, काही दोन वा तीन व्यंजनांची, काही संपूर्ण शब्दाची. पुष्कळदा एकच चिन्ह ही तिन्ही कामे आळीपाळीने करी. घराच्या आराखड्याचे चौकोनी चिन्ह घ्यावे. त्याच्याखाली एक उभी रेघ असेल, तर ते ‘घर’ या अर्थी. त्याला मुखाचे, म्हणजे ‘र’ ध्वनीचे, चिन्ह आणि चालणारे दोन पाय जोडले, तर तेच चिन्ह केवळ ‘प-र’ हा ध्वनिसमुच्चय देते आणि शब्दाचा अर्थ होतो ‘बाहेर पडणे’. येथे ‘र’ चे चिन्ह काही नवे सांगत नाही. ‘प-र’ मधला ‘र’ ते पुन्हा एकदा लिहून देते, इतकेच. ही लिपी वाचकाला एकच गोष्ट दोनदा, कधी तीनदा सांगते.

ही चित्रे म्हणजे गूढ कल्पनांची प्रतीके होत, हा समज युरोपात शतकानुशतके टिकला. सतराव्या शतकात अथानासिउस किर्खर याने ओबेलिस्कांवरील साध्या राजनामांतून तत्त्वज्ञान काढले. शांपोलियाँने १८२२ मध्ये तो समज मोडला, याचे श्रेय रोझेटाच्या शिळेला दिले जाते. पण शिळेइतकेच महत्त्व त्याला अवगत असलेल्या कॉप्टिक भाषेचे आहे. ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत ती इजिप्तची भाषा ग्रीक वळणाच्या लिपीत टिकून होती. सूर्यबिंबाचे चिन्ह पाहून त्याला कॉप्टिकमधील ‘रे’ आठवला, पुढील ध्वनिचिन्हे जुळली आणि रामसेस हे नाव उभे राहिले. लिपी वाचली गेली ती भाषेच्या स्मरणातून.

मोडीची स्थिती नेमकी उलटी आहे. तिची भाषा जिवंत आहे, चिन्हांची मूल्ये ठाऊक आहेत, वर्णमाला आठवड्याभरात पाठ होते. तरीही आठवड्याभराच्या अभ्यासाने पेशवेकालीन पत्र वाचता येत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. कारण मोडी वाचकाला एकच गोष्ट दोनदा सांगत नाही. कित्येक गोष्टी ती एकदाही सांगत नाही. लेखनिक आधी कागदभर आडव्या शिरोरेषा ओढून घेई आणि बोरू शक्यतो न उचलता त्यांना अक्षरे लटकवत जाई. शब्द सुटे नाहीत, विरामचिन्हे नाहीत, परिच्छेद नाहीत. इकाराला एकच वेलांटी, उकाराला एकच रूप. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांत दृश्य भेद नाही. राजश्रीचा ‘रा’, मौजेचा ‘मौ’, पुढे दंड, की शब्द संपला. ‘मोडी’ या नावाचा अर्थ मोडलेली असा घेतला, तर फार्सीच्या शीघ्रलेखनाला ‘शिकस्ता’, म्हणजे मोडकी, म्हणत ही गोष्ट आठवते. हेमाडपंताने ही लिपी लंकेहून आणल्याची कथा मात्र कथा म्हणूनच ठेवावी.

इजिप्तमध्येही देवळाच्या भिंतीवरील चित्रलिपीशेजारी पपायरसवरील धावती हिअरॅटिक लिपी होती, पोथीसाठी बाळबोध आणि दफ्तरासाठी मोडी या आपल्याकडील विभागणीची आठवण करून देणारी. तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. हिअरॅटिकमध्ये कथाही आहेत आणि धर्मग्रंथही. लक्षात घ्यावे ते एवढेच, की धावत्या हातानेही तेथील लेखनिकाने निर्धारक टाकले नाहीत. मराठी कारकुनाने मग कशाच्या आधारावर एवढे वगळले?

त्याचे उत्तर पत्राच्या साच्यात आहे. शिरोभागी ‘श्री’, मग प्राप्तकर्त्याच्या दर्जाप्रमाणे ठरलेला मायना, मग ‘विनंती’ किंवा ‘आज्ञा’, शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ किंवा ‘लेखनसीमा’. सरावलेला वाचक हे शब्द अक्षरे लावून वाचत नसे. त्यांची आकृतीच त्याला ओळखीची असे. मायन्यावरून लिहिणारा वडीलधारा की आश्रित हे कळे आणि पुढील क्रियापदांची अपेक्षा तयार होई. गावाआधीचे ‘मौजे’ वा ‘कसबे’ उच्चारले जाई, हा फरक खरा. पण त्याचे काम निर्धारकाचेच. चांद्रतिथीपूर्वीचा ‘छ’ तर जवळजवळ शुद्ध चिन्हच आहे. तो दिसला की पुढे अंक आणि अरबी महिना येणार. वर्षही अरबी शब्दांत, एककापासून चढत जाणारे: खर्ड्याच्या लढाईचे सुहूर वर्ष ‘खमस तिसैन मया व अलफ’, म्हणजे पाच, नव्वद, शंभर आणि हजार, ११९५. अरबी न येणारा कारकून हे सराईतपणे लिही आणि अरबी न येणारा मामलेदार ते वाची. चित्रलिपीने अर्थवर्ग चिन्हांत ठेवला, तर मोडीने तो पत्राच्या घाटात आणि वाचकाच्या सवयीत ठेवला.

मोडी शाळांतून गेली तेव्हा अक्षरे हरवली नाहीत, ही सवय हरवली. तिची भरपाई संपादकांनी केली. साने-मोडकांचा ‘काव्येतिहाससंग्रह’ १८७८ पासून, वासुदेवशास्त्री खरे यांचा पटवर्धन दफ्तरावरील ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ १८९७ पासून, राजवाड्यांची ‘साधने’ १८९८ पासून. या मंडळींचे ऋण न फिटणारे आहे. मात्र मोडीतून बाळबोधीत आणि छापात येताना संहितेत काय शिरले, हा प्रश्न मराठी समीक्षेने अभावानेच विचारला. शब्द तोडले गेले, ह्रस्वदीर्घ ठरवले गेले, स्वल्पविराम आणि पूर्णविराम आले, परिच्छेद पडले. यांतील प्रत्येक कृती अर्थनिर्णय आहे, एक निर्धारकच म्हणा ना. फक्त तो मूळ लेखकाने टाकलेला नाही. बखरगद्याची छोटी, तुटक, ठसकेबाज वाक्ये हा आपल्या शैलीविचारातील आवडता विषय. मूळ हस्तलिखित मोडीत असेल तेथे त्या वाक्यांतील पूर्णविराम बखरकाराचा नसून संपादकाचा असतो. यावर उत्तर असे देता येईल, की मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर संपते, तेव्हा वाक्यान्त भाषाच सांगते. ते बरेचसे खरे आहे. पण ‘आले, बसले, बोलले’ ही तीन वाक्ये की एकाच वाक्याची लय, हे क्रियापद सांगत नाही; आणि शैलीचा वाद नेमका तेथेच असतो. सोस्यूरच्या मताने लेखन हे भाषेचे केवळ प्रतिनिधी. देरिदाने १९६७ मध्ये त्या मताची उलटतपासणी केली, तेव्हा त्याने चित्रलिपीविषयीच्या युरोपीय कल्पनांचाही समाचार घेतला. मराठीत ही चर्चा आली ती सिद्धान्त म्हणून. दफ्तरातील गठ्ठ्यांपर्यंत ती पोचली नाही.

लोकभाषेला मात्र या धोक्याची जाणीव होती. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनासंबंधीची ‘ध चा मा’ ही कथा इतिहास म्हणून शंकास्पद असेल. पण एका अक्षराने ‘धरावे’ चे ‘मारावे’ होते, ही भीती वाक्प्रचार होऊन टिकली. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मोडी जाणणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. तेव्हा महसुली कागदातील एखाद्या शब्दाच्या वाचनावर एका घराण्याचा दाखला अवलंबून राहिला. असे वाचन करणारा केवळ अक्षरे लावत नाही. स्तंभ कोणता, नोंद कशाची, आधीच्या ओळीत काय, हे सगळे तो त्या एका शब्दात ओततो.

जून २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. त्या संचात संक्षेपचिन्हाला स्वतंत्र जागा आहे, हे योग्यच झाले. त्याचबरोबर ह्रस्व व दीर्घ इकार, ह्रस्व व दीर्घ उकार यांना वेगवेगळी स्थाने आहेत. म्हणजे पटवर्धनांच्या कारकुनाने जो भेद कागदावर केला नाही, तो संगणकावर तेच पत्र मोडीतच उतरवून घेणाऱ्याला प्रत्येक अक्षरागणिक करावा लागतो.