आपल्या नाट्यशाखेचा ‘संशयकल्लोळ’

आपल्या मंडळाच्या गेल्या वार्षिक सभेत नाट्यशाखेसंबंधी एक सूचना आली होती, ती सभासद बंधुभगिनींच्या स्मरणात असेलच. नाट्यगृहाचे भाडे, नेपथ्य, रंगभूषा आणि सामानाची ने-आण यांचा खर्च दरवर्षी वाढत चालला आहे. सभासद कुटुंबे गावोगावी आणि देशोदेशी पांगली आहेत. तेव्हा रंगमंचावरील वार्षिक प्रयोग बंद करावा आणि विनोदी नाटके यापुढे केवळ ऑनलाइन दाखवावीत, असा तिचा आशय होता. सूचना तरुण मंडळींची होती आणि तिच्यामागचा हेतू चांगला होता, यात संशय नाही. निर्णय पुढील सभेवर सोपविण्यात आला, आणि तत्पूर्वी नाट्यशाखेचा पूर्वेतिहास सर्वांपुढे यावा म्हणून संपादक मंडळाने हे काम आमच्याकडे दिले. आम्ही पडलो शाळामास्तर. इतिहास म्हटला की आधी मूळ पाहावे आणि मग शाखेकडे वळावे, ही आमची जुनी खोड. वाचकांनी ती गोड करून घ्यावी.

१८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हा खेळ केला, तेथून मराठी रंगभूमीची गणना करण्याचा प्रघात आहे. देव, दानव आणि ऋषी यांच्या त्या खेळांत प्रेक्षकांच्या ओळखीचा असा एकच इसम असे, तो म्हणजे विदूषक. सूत्रधाराशी तो साध्या बोलीत थट्टा करी आणि लोकांना हसवी. पुढे पौराणिक आख्यान संपल्यावर शेवटी एक फार्स करावयाचा, अशी चाल पडली. राजेरजवाडे आत गेले की मग शेजारच्या घरातली माणसे रंगभूमीवर येत. आपल्याकडे विनोद रंगभूमीवर आला तो असा, मागल्या दाराने. परंतु आला तो कायमचा राहिला.

त्याला पुढच्या दाराने मानाने आत आणणाऱ्यांत गोविंद बल्लाळ देवल यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. सांगलीजवळच्या हरिपूरचे हे गृहस्थ. बेळगावास अण्णासाहेब किर्लोस्करांचे ते विद्यार्थी, आणि पुढे स्वतःही शिक्षक झाले. नटांना तालीम देण्यात त्यांचा हातखंडा होता. १८९३ साली त्यांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले. त्याचे मूळ आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराच्या १७६१ सालच्या प्रहसनात आहे, आणि मर्फीने ते फ्रान्सच्या मोलियरच्या १६६० सालच्या नाटकावरून घेतले होते. म्हणजे तीन देश आणि सव्वादोनशेहून अधिक वर्षे चालून हे कथानक मराठीत आले. परंतु देवलांनी पुरुषपात्रांना महिन्यांची आणि स्त्रीपात्रांना नक्षत्रांची नावे देऊन सारी बिऱ्हाडे अशी काही आपलीशी केली की परकेपणाचा वासही उरला नाही.

कथानक सर्वांस ठाऊक आहे, तरी नव्या पिढीसाठी दोन शब्द सांगतो. रेवती ही नायकिणीची मुलगी, तिचे अश्विनशेटवर प्रेम. तिला रस्त्यात भोवळ येते, संशयी स्वभावाचा वृद्ध फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमके तेच त्याची बायको कृत्तिका घरातून पाहते. रेवतीजवळची अश्विनशेटची तसबीर खाली पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते आणि ती न्याहाळताना तिला फाल्गुनराव पाहतो. एवढ्यावरून पुढचा सगळा घोटाळा. यात दुष्ट कोणीच नाही. प्रत्येकाने जे पाहिले ते खरेच आहे. फक्त प्रत्येकाने ते अर्धे पाहिले आहे. हाच या नाटकाचा प्राण, आणि म्हणूनच ते जुने होत नाही.

पुढे पदे घालून याच नाटकाचे ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. रेवतीच्या भूमिकेत बालगंधर्व आणि फाल्गुनरावाच्या भूमिकेत गणपतराव बोडस, असा तो योग होता. देवलांचे निधनही त्याच वर्षीचे.

१९३१ साली बोलपट आला आणि व्यावसायिक नाटक मंडळ्यांना उतरती कळा लागली. त्यानंतर नाटकाची ज्योत विझू न देण्याचे श्रेय पुष्कळ अंशी हौशी मंडळींकडे जाते. गणेशोत्सव, वाड्यांचे चौक, चाळींची अंगणे, ज्ञातिसंस्थांची संमेलने येथे नाटके होत राहिली. १९५४ सालापासून राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली आणि या हौसेला मानाचे व्यासपीठ मिळाले. समाजबांधवांनी एकत्र येऊन काढलेली संस्था या मार्गाने कोठवर जाऊ शकते, याचे उदाहरण मुंबईची दि गोवा हिंदू असोसिएशन. ही संस्था १९१९ सालची. तिच्या कलाविभागाने १९६२ साली ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ आणि १९७० साली ‘नटसम्राट’ ही नाटके रंगभूमीवर आणली. आपली शाखा त्या पंगतीत बसणारी नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु झाड मोठे असो की लहान, माती एकच.

आपल्या नाट्यशाखेचा ओढा आरंभापासून विनोदी नाटकांकडे राहिला, याची कारणे व्यावहारिक आहेत. एक दिवाणखाना, चार खुर्च्या आणि एक दार एवढ्यावर प्रहसन उभे राहते. मुकुट, तलवारी आणि मखमली पडदे लागत नाहीत. शिवाय आजोबांपासून नातवापर्यंत सारे घर एका रांगेत बसून ते पाहू शकते. ‘संशयकल्लोळ’ आपल्या मंडळींनी अनेकदा केले, परंतु शाखेत गाणारा गळा क्वचितच लाभला. म्हणून पदे गाळून करावयाचे असे ठरे. नकळत आपली मंडळी देवलांच्या मूळ गद्य ‘फाल्गुनरावा’कडेच परत जात होती, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

या उजळ इतिहासाची एक काळी कडाही सांगितली पाहिजे. स्त्रियांचा रंगभूमीवरील वावर एव्हाना नवा राहिला नव्हता. १९२९ साली हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक मंडळी काढली होती. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. तरीही आमच्या बालपणी, म्हणजे त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनी, आपल्या शाखेत घरच्या मुलीबाळींनी तोंडाला रंग लावावयाचा नाही, असा अलिखित दंडक होता. नायिकेसाठी बाहेरून मानधन देऊन नटी आणीत. ती शेवटच्या दोन तालमींना येई. तोवर तिची वाक्ये कोणीतरी पुरुष वाचून वेळ मारून नेई.

तालमी आमच्या घरच्या ओसरीवर होत, कारण मंडळास तेव्हा स्वतःची जागा नव्हती. आमचे तीर्थरूप फाल्गुनराव करीत. आम्ही प्राथमिक शाळेत होतो. आमच्याकडे चहाचे पेले पोचविण्याचे खाते होते. आमची वडील बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, ती तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची होती आणि तालमीच्या वेळी स्वयंपाकघरात असे. एके रात्री कृत्तिकेची वाक्ये वाचणारे गृहस्थ आले नाहीत. फाल्गुनरावांचे वाक्य झाले आणि पुढे सारे अडले. तोच स्वयंपाकघराच्या दाराआडून कृत्तिकेचे उत्तर आले. हेल, तोरा, सगळ्यासकट. ओसरीवर कोणी हसले नाही. तीर्थरूप उठले, त्यांनी ते दार ओढून घेतले, आणि तालीम पुढे सुरू झाली. त्या गोष्टीविषयी घरात पुन्हा कोणी चकार शब्द काढला नाही. तीर्थरूपांना आम्ही दोष देत नाही. त्यांचा काळ त्यांच्या बरोबर होता. पण ते दार ओढल्याचा आवाज आमच्या कानांत अजून आहे.

पुढे दंडक सैल झाला आणि घरच्या मुली रंगमंचावर आल्या. अक्काचे मात्र तोवर लग्न होऊन ती दूरच्या गावी संसारात गुंतली होती.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली आणि नाट्यगृहे बंद पडली. त्या वर्षी आपल्या तरुण मंडळींनी ‘संशयकल्लोळ’चे निवडक प्रवेश ऑनलाइन करण्याचे ठरविले. माणसे घरोघरी अडकलेली, पात्रे मिळेनात. तेव्हा आम्ही भीत भीत अक्काचे नाव सुचविले. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखणारे. परंतु या प्रयोगात उभे राहावयाचे नव्हतेच. तिने आपल्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवला आणि पुस्तक न उघडता कृत्तिका केली.

तो प्रयोग कसा झाला, हे ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी नमूद करतो. पात्रे पाच, गावे पाच. तसबीर एका हातातून दुसऱ्या हातात जावयाची तर एकच छायाचित्र पाचही घरी छापून ठेवावे लागले. रेवतीने आपल्या घरी ते चौकटीच्या खाली टाकले आणि अक्काने दोनशे कोसांवर ते उचलले. दोन गावांच्या मध्ये शब्द अर्धा क्षण रेंगाळे, त्यामुळे फाल्गुनरावांचे तिरके वाक्य पोचावयाच्या आत कृत्तिका संतापलेली दिसे. गोंगाट नको म्हणून सर्व प्रेक्षकांचे आवाज बंद ठेविले होते. तरीही ज्यांनी कित्येक वर्षांत आपले नाटक पाहिले नव्हते, अशा परदेशस्थ आणि अंथरुणास खिळलेल्या सभासदांनी ते पाहिले. हे काम रंगमंचाने कधीही केले नसते, आणि अक्कापुढचे बंद दारही रंगमंचाने उघडले नसते. ते ऑनलाइन प्रयोगाने उघडले. हे त्याचे ऋण आम्ही मान्य करतो.

प्रयोग संपल्यावर अक्काने आम्हांस फोन केला. कौतुकाचे चार शब्द ऐकून घेतले आणि मग विचारले, “अरे, पण लोक हसले का?”

आम्ही म्हणालो, “हसले असतील की.” याहून खरे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

२२ ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यातील नाट्यगृहे निम्म्या आसनक्षमतेने पुन्हा उघडली. पुढील वर्षी, म्हणजे २०२२ साली, आपल्या शाखेने हेच नाटक रंगमंचावर केले. कृत्तिका सभासदांपैकीच एका तरुण सुनेने केली. अक्का मुद्दाम आली होती. सारे नाटक मुखोद्गत, म्हणून तिला विंगेत खुर्ची देऊन प्रॉम्प्टरचे काम सोपविले. पहिल्या अंकात तसबिरीवरून नवराबायकोची जुंपली आणि सभागृहात हशा उसळला. कृत्तिका थांबली. ती हशा ओसरण्याची वाट पाहत होती. अक्काला वाटले, पोर वाक्य विसरली. तिने विंगेतून पुढचे वाक्य खणखणीत आवाजात सांगून टाकले. ते पहिल्या रांगेपर्यंत पोचले आणि हशा दुणावला. सून हुशार, तिने विंगेकडे वळून मान डोलावली आणि मगच ते वाक्य म्हटले.

प्रयोगानंतर अक्का शरमली होती. म्हणाली, “हसणं संपेपर्यंत थांबायचं असतं, हे पुस्तकात कुठं लिहिलेलंच नव्हतं रे.”

वाचकहो, आमच्या मते सभेपुढील प्रश्नाचे उत्तर या वाक्यात आहे. जिने हे नाटक पन्नास वर्षे पाठ केले, पण कधी लोकांसमोर केले नाही, तिला एवढी एकच गोष्ट ठाऊक नव्हती. विनोदी नाटकाचा काही भाग नाटककार लिहितो, काही नट करतो आणि उरलेला प्रेक्षक पुरा करतो. हशा कोठे येईल, किती वेळ टिकेल, पुढचे वाक्य केव्हा टाकावे, हे नट प्रेक्षकांकडूनच शिकतो. रंगमंच बंद केला तर पुढच्या पिढीस संवाद येतील, थांबणे येणार नाही. आणि प्रेक्षकांपुरते बोलावयाचे तर, शेजारचा हसला म्हणून आपण हसतो आणि हसताना त्याच्याकडे पाहतो. ज्ञातिबांधव म्हणून एकत्र येण्याचे याहून चांगले निमित्त आम्हांस तरी माहीत नाही.

म्हणून आमची नम्र सूचना अशी. वार्षिक प्रयोग रंगमंचावरच व्हावा. भाडे झेपत नसेल तर मोठे नाट्यगृह सोडून शाळेचे सभागृह घ्यावे. फाल्गुनरावाच्या घराला चार खुर्च्या पुरतात. त्याच प्रयोगाचे चित्रीकरण दूरच्या कुटुंबांस ऑनलाइन दाखवावे. आणि वर्षातून एकदोनदा केवळ ऑनलाइन असे नाट्यवाचन ठेवावे. त्यात ज्यांना प्रवास होत नाही, ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांच्यापुढे एके काळी कोणी दार ओढून घेतले होते, त्यांना प्रथम बोलवावे. अशा भगिनी आपल्या समाजात आणखीही असतील. त्यांची नावे नाट्यशाखेकडे कळवावीत.

अक्काने आपले नाव आधीच दिले आहे. मात्र तिने अट घातली आहे की त्या वेळी प्रेक्षकांचे आवाज बंद ठेवावयाचे नाहीत. गोंगाट झाला तरी चालेल. सभेने निर्णय घेताना या अटीचाही विचार करावा, इतकी विनंती करून आम्ही लेखणी खाली ठेवतो.